थर्मोस्टॅट कुठला घ्यायचा?

मँचेस्टरहून चुलतदिराचा फोन आला होता. "वहिनी, तुमच्याकडे तो वायरलेस थर्मोस्टॅट आहे ना, त्याचं मॉडेल पाठवा. आई-अण्णा ऑक्टोबरमध्ये येतायत." मॉडेल पाठवलं. पण नुसतं मॉडेल कळून त्याचं भागेल असं काही मला वाटेना. तसली मॉडेलं दुकानात दहा मिळतात. आम्ही हाच प्रकार का घेतला ती हकीकत लांबलचक आहे, फोनवर सांगण्यासारखी नाही. शिवाय मढला गेलं की कुणी ना कुणी विचारतंच, "तिकडं घर तापवायला यंत्र लागतं म्हणे, ते करतं तरी काय?" तर एकदाचं सगळं लिहून टाकते.

आमचं घर लीड्समधलं, एकाला एक चिकटलेल्या जुन्या विटांच्या घरांपैकी. वय शंभराच्या पुढे. भिंती भरीव. नंतरच्या काळातल्या इंग्लिश घरांत दोन भिंतींच्या मध्ये पोकळी असते आणि तिच्यात ऊब धरून ठेवणारं भरण घालता येतं, ती सोय आम्हाला नाही. स्वयंपाकघरात गॅसचा कॉम्बी बॉयलर आहे. तो पाणी तापवतो, ते पाणी पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरून परत येतं. नळाला गरम पाणीही तोच देतो. आणि या बॉयलरला 'आता पेट, आता विझ' असं सांगणारा तो थर्मोस्टॅट.

थर्मोस्टॅटला शेगडीचं बटण समजायचं नाही, हे पहिलं. साधा थर्मोस्टॅट म्हणजे तापमान बघून चालूबंद होणारा स्विच. तो ३० वर नेला म्हणून घर लवकर तापत नाही. तेवढ्याच वेगाने तापतं, फक्त थांबायचं नाव घेत नाही. आमच्याकडे भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा कुडकुडत आत शिरला की ती चकती शेवटपर्यंत फिरवायचा, आणि दोन तासांनी सगळे स्वेटर काढून बसायचे. :)

आमची जुनी चकती होती पॅसेजमध्ये, पुढच्या दारातून आत आल्यावर डाव्या हाताला. तिथेच का? तर तिथपर्यंत वायर आलेली होती म्हणून. बोळासारखा तो पॅसेज, त्यात एक भला मोठा रेडिएटर. बोळ झटकन तापायचा, चकतीला वाटायचं झालं काम, बॉयलर बंद. बाकीचं घर तापलंय की नाही हे तिला कळायला मार्गच नव्हता.

आम्हा तिघांचं याच्यावर बरं चाललं होतं. मी वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत बसून ऑफिसचं काम करते, गरम हवा वर चढते, त्यामुळे मी जानेवारीतही अर्ध्या बाह्यांत. नवरा दिवसभर बाहेर, लेक शाळेत.

२०२२च्या ऑक्टोबरमध्ये सासूबाई आल्या. (मी त्यांना आईच म्हणते, पुढे आईच लिहिते.) व्हिसा सहा महिन्यांचा, म्हणजे अख्खा हिवाळा. गुडघ्यांमुळे जिना नको म्हणून त्यांना खालची मागची खोली दिली. ही खोली मूळ घराला नंतर जोडलेली, तिन्ही बाजूंनी उघडी. ऊन येत नाही.

आणि नेमका तोच हिवाळा गॅसच्या भावाचा. आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गॅसचं एक युनिट साधारण ४ पेन्सला होतं. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने भाव बांधून दिल्यानंतरसुद्धा ते १० पेन्सच्या वर गेलं. टीव्हीवर दिवसरात्र तेच. आमच्या लेकीने आजीला बातम्या मराठीत समजावून सांगायचं काम अंगावर घेतलं होतं. एकदा तिने हिशोबही करून दाखवला. "आज्जी, आपला बॉयलर २४ किलोवॉटचा. एक तास फुल चालला की २४ युनिटं. म्हणजे दोन पौंड चाळीस पेन्स." पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास होता.

"दोनशे चाळीस रुपये? तासाला? अगं बाई... तेवढ्यात दिवसभर निंदायला बाई येती आपल्याकडं."

मी समजावून पाहिलं, की बॉयलर असा तासभर पूर्ण जोरात चालत नाही, घर तापलं की आपला आपण कमी होतो, बंद होतो. काही उपयोग झाला नाही. आकडा डोक्यात बसला तो बसलाच.

त्या दिवसापासून आईंना थंडी वाजायची बंद झाली. कधीही विचारा, "मला कुठं वाजती थंडी! आमच्याकडं काय कमी गारठा असतो का?" अंगात स्वेटर, वर शाल, डोक्याला कानटोपी, पायात नातीचे लोकरीचे मोजे. मी स्वयंपाकाला लागले की ओव्हनजवळ खुर्ची ओढून बसायच्या, आणि स्वयंपाक संपला की मुकाट्याने उठून आपल्या खोलीत.

मढचा गारठा मी अनुभवलेला आहे, तो खोटा नाही. ओतूरहून माळशेजकडे निघालं की मढ लागतं. घाट जवळ. पावसाळ्यात घाटातून वारा आणि पाऊस दोन्ही येतात, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे धरणाच्या बाजूने जी हवा येते तिने बोटं वळत नाहीत. पण तिथे घर तापवायचा कुणी विचारही करत नाही. तापवायचं ते माणसाला. पहाटे पाचला चूल पेटते, तिच्यावर आंघोळीचं पाणी, आणि जो उठेल तो आधी चुलीपुढे येऊन बसतो. पुढून भाजतं, मागून गारठतं, मग वळून बसायचं. आठ वाजता ओट्यावर ऊन येतं, की मंडळी तिकडे सरकतात. रात्री गोधडी, तिच्यावर घोंगडी. घरात तापमान किती, हा प्रश्नच कुणाला पडत नाही, कारण माणूस स्वतःच उबेपाशी जातो.

लीड्सच्या घरात जाणार कुठे? प्रत्येक खोलीत जुनी फायरप्लेस आहे म्हणा, पण कधीचीच बुजवलेली. इंग्रजही पूर्वी असेच एका खोलीत जाळ करून त्याच्याभोवती बसायचे. पाइप आणि रेडिएटर घरोघरी आले ते गेल्या पन्नास-साठ वर्षांत. तेव्हापासून घर तापतं ते भिंतीवरच्या एका ठिकाणाच्या मताने. आणि आमच्याकडे ते ठिकाण होतं पॅसेजमध्ये, जिथे कुणीच बसत नाही.

डिसेंबर २०२२च्या दुसऱ्या आठवड्यात इथे थंडीची कडक लाट आली. रात्री पारा शून्याच्या खाली. मी एक स्वस्तातला थर्मामीटर आणला, रात्रीचं सगळ्यात कमी तापमान लक्षात ठेवणारा, आणि आईंच्या खोलीत कपाटावर ठेवला. सकाळी बघितलं तर रात्रीतलं कमीत कमी १४. दहा वाजता, पॅसेजमधली चकती २० दाखवत असताना, खोलीत १६. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत थंडीच्या दिवसांत घरात निदान १८ अंश असावेत असं म्हटलंय, आणि म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना, आजाऱ्यांना त्याहूनही जास्त लागू शकतात असंही. उतारवयात गारठ्याने रक्तदाब चढतो, छातीचे विकार बळावतात. आणि थंडीची जाणीवही बोथट होत जाते. म्हणजे आई जे "वाजत नाही" म्हणत होत्या, त्यात काटकसर किती आणि वय किती हे त्यांनाही सांगता आलं नसतं. बीपीची गोळी तर चालूच होती.

नवऱ्याचा पहिला उपाय होता विजेचा हीटर. आणला. मी लावून वर जायचे, तासाभराने चहाला खाली आले की प्लग काढून ठेवलेला. वायरसुद्धा नीट गुंडाळलेली! वीज तेव्हा ३४ पेन्स युनिट, म्हणजे गॅसच्या तिप्पट, हे नातीने सांगितलेलं होतंच.

त्या गुंडाळलेल्या वायरीकडे बघताना माझ्या लक्षात आलं, की बटण जोवर आईंच्या हाताशी आहे तोवर त्या ते बंदच करणार. मोठ्या अक्षरांचं आणा, मराठीत लिहिलेलं आणा, काही फरक पडणार नाही. मुलाच्या घरात येऊन 'मला ऊब हवी' असं तोंडाने मागायचं, आणि तेही तासाला दोनशे चाळीस रुपयांची... हे त्यांच्याने होणारं नव्हतं. तेव्हा मागावंच लागू नये असं काहीतरी हवं होतं.

मग थर्मोस्टॅटचा शोध सुरू झाला.

नवऱ्याला अर्थातच स्मार्टवाला हवा होता. फोनवरून चालणारा, दिसायला देखणा. मी त्याची माहिती बारकाईने वाचली. त्यातल्या बऱ्याच जातींत एक हौसेने सांगितलेली सोय असते: घरातल्या सगळ्यांचे फोन घरापासून दूर गेले की घर रिकामं समजून हीटिंग आपोआप कमी करायचं. आता आमच्या घरात फोन किती? माझा आणि नवऱ्याचा. मी लेकीला आणायला आणि तिथूनच बाजाराला गेले, की यंत्राच्या लेखी घरात कुणी नाही. आई आतमध्ये पोथी वाचत बसलेल्या असल्या तरी! काहींत फोनऐवजी हालचाल टिपणारा सेन्सर असतो. तो भिंतीवरच्या यंत्रातच, म्हणजे आमच्या पॅसेजमध्ये. मागच्या खोलीत तास-दीड तास एका जागी बसलेलं माणूस त्याला काय दिसणार? या सोयी बंद करता येतात हे खरं. पण मग तेवढे पैसे कशाला द्यायचे?

(जाता जाता. गुगलने नेस्ट कंपनी २०१४ मध्ये ३२० कोटी डॉलरला घेतली होती. २०११-१२ मधल्या पहिल्या दोन पिढ्यांच्या नेस्ट थर्मोस्टॅटचा आणि दुसऱ्या पिढीच्या युरोपातल्या मॉडेलचा आधार त्यांनी २५ ऑक्टोबर २०२५ पासून काढून घेतला. भिंतीवर ते चालतात, फोनवरून नाहीत. आमची जुनी चकती आमच्या आधीच्या मालकांच्याही आधीची होती. असो.)

दुसरा पर्याय, जुन्या जागी नवी चकती. सगळ्यात स्वस्त. पण जागा तीच, म्हणजे दुखणं तेच.

तिसरा वायरलेस प्रोग्रामेबल. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो म्हणून सांगते, वायरलेस म्हणजे वायफाय नव्हे. याला इंटरनेट लागत नाही. दोन तुकडे असतात. एक बॉयलरजवळ कायमचा बसवलेला, विजेवर चालणारा. दुसरा हातात मावेल एवढा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, त्यातच तापमान मोजायची सोय आणि आकडे दाखवणारा पडदा. दोघं एकमेकांशी रेडिओवरून बोलतात, युरोपात साधारणपणे ८६८ मेगाहर्ट्झवर. मधे जाड भिंती असतील तर घेण्याआधी पोच किती ते बघायचं. वायर नाही म्हणून प्लास्टर फोडायला नको, हा त्याचा गुण म्हणून खोक्यावर छापलेला असतो. माझ्या लेखी खरा गुण दुसरा होता. तो हलवता येतो. तापमान कुठलं मोजायचं हे आपण ठरवायचं.

आणि प्रोग्रामेबल म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक वाराला दिवसाचे चार-सहा टप्पे पाडून, कुठल्या वेळी किती अंश हवेत ते आधीच सांगून ठेवायचं. काहींत सोमवार ते शुक्रवार एक आणि शनिवार-रविवार एक असे दोनच प्रकार असतात. आपल्या घरी चतुर्थी-एकादशीला माणसं वेगळ्या वेळी उठतात, तेव्हा सातही दिवस वेगळे ठेवता येतील असाच घ्यावा. आणखी एक बघायचं. जुन्या चकत्या घर दोन अंश जास्त तापवून मग थांबायच्या आणि दोन अंश उतरल्यावर जाग्या व्हायच्या. नवे थर्मोस्टॅट बॉयलर थोडा थोडा वेळ चालवून अर्ध्या अंशाच्या आत ठेवतात. म्हाताऱ्या माणसाला हा फरक खूप जाणवतो.

शंभर पौंडांच्या आत काम झालं, बसवायची मजुरी वेगळी. बसवायला गॅस सेफ नोंदणीवाला माणूसच बोलवा, बॉयलरचं झाकण उघडायचं काम दुसऱ्या कुणाचं नाही. त्याने विचारलं, दुसरा तुकडा कुठल्या भिंतीवर लावू? म्हटलं भिंतीवर नकोच, स्टँड दे. जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच, ऊन नको, रेडिएटर जवळ नको, दाराची झुळूक नको, एवढं सांगून तो गेला. तुकडा गेला आईंच्या खोलीतल्या कपाटावर. त्या खोलीतल्या रेडिएटरचा व्हॉल्व पूर्ण उघडा ठेवला, कारण तोच अर्धवट बंद असेल तर खोली तापणार नाही आणि बॉयलर बिचारा चालतच राहील. बाकीच्या खोल्यांचे व्हॉल्व उतरवले. मी वर स्वेटर घालायला लागले.

पहिला टप्पा पहाटे साडेचारला, १९ अंश. आई पाचला उठतात, आंघोळ, मग पूजा. आमचा जुना टायमर साडेसहाला लागायचा, शाळेच्या हिशोबाने. म्हणजे रोजचे दीड तास, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची आंघोळ आणि पूजा, घरातल्या सगळ्यात थंड वेळी चालायची. रात्री १७ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. दिवसभर २०.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाल्या, "आज तू लवकर उठली होतीस का? पेटवलंस का ते?"

"नाही आई, ते आता आपोआप लागतं."

"बंद नाही का करता येत?"

"नाही येत."

लेक दुधाच्या ग्लासातून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"मग राहू दे," आई म्हणाल्या. आणि त्या दिवशी कानटोपी काढली.

जानेवारीत एक गंमत झाली. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास बॉयलर बंद पडायला लागला. बाकीचं घर गार, लेक वरून ओरडतेय, आणि आठ-साडेआठला परत सगळं सुरळीत. बॉयलर बिघडला म्हणून माणूस बोलवायच्या बेतात होतो. तेवढ्यात मी सातला खाली आले. आईंनी कपाटावर देव मांडले होते, आणि कपाटावरच्या त्या 'देखण्या घड्याळाला' देवांशेजारी मानाची जागा दिली होती. समई त्याच्यापासून वीतभर. पडद्यावर आकडा २४. यंत्राला वाटायचं, घर तापलं! अमेरिकेत वॉरन जॉन्सन नावाच्या शिक्षकाने १८८३ मध्ये खोलीतलं तापमान ओळखणाऱ्या विजेच्या यंत्राचं पेटंट घेतलं. वर्गात सारखा येऊन थर्मामीटर बघून जाणाऱ्या शिपायाचा व्यत्यय टाळायला. खोलीचा गारवा-उकाडा तळघरातल्या त्या माणसाला घंटी वाजवून कळायचा, जाळ कमीजास्त करायचा तो त्याने. १४० वर्षांत यंत्र इतकं पुढे गेलं, पण समई आणि डिसेंबर यांतला फरक अजून त्याला कळत नाही. देव तिथेच राहिले, यंत्र पुस्तकांच्या फळीवर गेलं.

बिल? वाढलंच. आईंच्या खोलीच्या हिशोबाने घर तापवायचं म्हणजे गॅस जास्त लागणार, यंत्र काही जादू करत नाही. आमची युनिटं आदल्या वर्षापेक्षा थोडी वाढली आणि पैसे कितीतरी. त्या हिवाळ्यात ऑक्टोबर ते मार्च सरकारकडून वीजबिलात घरटी ४०० पौंडांची सूट मिळाली, त्याने थोडा भार हलका झाला. बिल आलं की मी ते फोनवरच बघायचे, आणि नातीला हिशोबाची गणितं दुसऱ्या विषयावरची द्यायचे.

तेव्हा भाऊजी, मॉडेल पाठवलंय ते घ्या किंवा दुसरं घ्या. आधी एक स्वस्त थर्मामीटर घेऊन काका-काकू ज्या खोलीत झोपणार तिथे एक रात्र ठेवा. काकू किती वाजता उठतात ते त्यांना विचारू नका, "मी काय, कधीपण उठते" म्हणतील. मढला फोन करून शेजाऱ्यांना विचारा. आणि सेल नवे घाला. सेल संपत आले की पडद्यावर खूण येते, पण ती इतकी बारीक असते की चष्म्याशिवाय दिसत नाही. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, घड्याळं एक तास मागे करतो तेव्हाच, न चुकता बदलतो.